एकच इनबॉक्स आणि किल्ल्यांचा जुडगा

ई-मेलचे ॲप बदला म्हणजे तुमचे काम दुप्पट होईल, असे सांगणाऱ्यांचे पीक आमच्या गोव्यात अलीकडे बरेच माजले आहे. पूर्वी हा उपदेश संगणकाच्या कचेऱ्यांपुरता होता. आता तो देवस्थानच्या समितीपासून भजनी मंडळाच्या कार्यकारिणीपर्यंत पोचला आहे. उपदेश ठरलेला. तुमची चार-पाच खाती आहेत ना? मग एक चांगले ॲप उतरवून घ्या, सगळी खाती त्यात घाला, सगळ्यांचे मेल एकाच यादीत येतील, वेळ वाचेल! ऐकायला हे इतके सोयीचे वाटते की त्यावर कोणी प्रश्नच विचारत नाही. मला मात्र हा सल्ला मुळातच चुकीचा वाटतो, आणि संस्थांच्या बाबतीत तर तो घातक आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी खाती इतकी झाली कशी ते पाहू. पन्नाशीतल्या कुणाही गोमंतकीयाला विचारा. पहिले खाते हॉटमेल, याहू किंवा रेडिफचे. आखातात किंवा बोटीवर गेलेल्या भावाशी बोलण्यासाठी मडगावच्या नाहीतर म्हापशाच्या सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून उघडलेले. साबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ रोजी हॉटमेल सुरू केले तेव्हा फुकट ई-मेल हीच मोठी नवलाई होती. मग १ एप्रिल २००४ रोजी जीमेल आले. हॉटमेल २ एमबी जागा देत असताना यांनी १ जीबी देऊ केली आणि लोकांना ती एप्रिल फूलची थट्टा वाटली. पुढे अँड्रॉइडचे फोन आले आणि जीमेल आपोआपच प्रत्येकाच्या खिशात गेले. त्यात नोकरीचे खाते, बँकेसाठी वेगळे काढलेले खाते, आणि ज्याला समाजकार्याची हौस आहे त्याच्याकडे एखाद्या संस्थेचे खाते. झाली पाच!

पाच खाती असणे हा काही रोग नव्हे. माणसाच्या आयुष्यात पाच तऱ्हेची कामे असतात, त्यांची ही पाच दारे. रोग आहे तो ही पाचही दारे पाडून एकच भगदाड करण्याचा.

आमच्या जुन्या घरांची रचना आठवून पाहा. वसरीवर कोण बसायचा, आतल्या चौकीपर्यंत कोण यायचा, राजांगणातल्या तुळशीपाशी कोणते कार्य व्हायचे आणि मागीलदारी कोणता व्यवहार चालायचा, हे ठरलेले असे. त्या व्यवस्थेत जो उच्चनीच भाव होता तो गेला हे फार बरे झाले, त्याचे गोडवे गाण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पण कामाप्रमाणे जागा हा त्यातला भाग शहाणपणाचा होता. पदेर आला, पोस्टमन आला, लग्नाचे बोलणे करायला पाहुणे आले आणि खंडाचा हिशेब घेऊन कूळ आले, की चौघांना एकाच बाकावर बसवून एकाच वेळी चौघांशी बोलायला कुणी लागत नसे. एकत्रित इनबॉक्स नेमके हेच करतो. बँकेचा ओटीपी, बायकोच्या मामेबहिणीचे लग्नपत्र, साहेबाची विचारणा, वाचनालयाच्या वीजबिलाची आठवण आणि बुटांवर साठ टक्के सूट, सगळे एकाखाली एक. आणि याला म्हणे उत्पादकता!

आता या उत्पादकतेचाच समाचार घेऊ, कारण सारा डोलारा तिच्यावर उभा आहे. आयबीएमच्या संशोधकांनी २०११ मध्ये ३४५ माणसे आपले जुने मेल कसे शोधतात ते पाहिले. शोधण्याच्या ८५ हजारांवर क्रिया त्यांनी तपासल्या. मेल आला की तो काळजीपूर्वक फोल्डरमध्ये लावून ठेवणाऱ्यांना तो नंतर अधिक चांगला सापडतो असे काही दिसले नाही, सरळ शब्द टाकून शोधणाऱ्यांचे काम लवकर झाले. म्हणजे ॲपवाले ज्या रंगीत लेबलांची आणि आपोआप वर्गवारीची एवढी जाहिरात करतात, तिचा उपयोग बेताचाच. २०१२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आयर्व्हाइन शाखेतल्या ग्लोरिया मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका कचेरीतल्या तेरा जणांचे ई-मेल पाच दिवस बंद ठेवले आणि त्यांच्या छातीला हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रे लावली. मेल बंद असताना माणसे एकेका कामावर जास्त वेळ टिकली, खिडक्यांची उघडझाप कमी झाली आणि ताणही उतरला. तेराच माणसे, तेव्हा त्यावर फार मोठा इमला बांधू नये हे कबूल. पण २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या प्रयोगात १२४ माणसे होती. एक आठवडा दिवसातून तीनदाच मेल पाहायचा, दुसरा आठवडा हवा तितक्यांदा पाहायचा. तीनदा पाहण्याच्या आठवड्यात ताण कमी भरला.

या सगळ्यात ॲप कोणते होते याला काही महत्त्व नव्हते, हे लक्षात घ्या. महत्त्व होते ते किती वेळा पाहता याला. आणि एकत्रित इनबॉक्स हे 'किती वेळा' वाढवण्याचेच यंत्र आहे. मंडळाचा मेल पाहायला म्हणून उघडावे तर कचेरीचा मेल डोळ्यांत भरतो, तो वाचून मन तिकडे जाते, आणि मंडळाचे काम तसेच राहते. वेगळे दार असते तर ते उघडेपर्यंत तरी साहेब बाहेर उभा राहिला असता.

कुणी म्हणेल, पण पाच खात्यांसाठी पाच वेळा ये-जा कोण करणार? अहो, कशाला करायची? एकाच प्रोग्रामात पाच खाती डाव्या बाजूला एकाखाली एक वेगवेगळी राहू शकतात. हे गेली पंचवीस-तीस वर्षे होत आहे. एका प्रोग्रामात असणे आणि एका यादीत कालवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि उपदेशकांनी त्या मुद्दाम एक करून ठेवल्या आहेत. ज्यांची नजर मंदावली आहे, ज्यांना दिवसाकाठी चार मेल येतात, त्या वडीलधाऱ्यांनी एकच यादी ठेवली तर माझे काही म्हणणे नाही. माझे भांडण कामाच्या माणसांशी आहे.

दुसरे भांडण याहून गंभीर आहे.

ई-मेलचा प्रोग्राम बदलता येणे ही कुणा ॲपवाल्याची मेहेरबानी नव्हे. ते स्वातंत्र्य ई-मेलच्या रचनेतच आहे. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्डला आयमॅप ही पद्धत तयार केली. मेल सर्व्हरवरच राहावा आणि वाचणाऱ्याने हव्या त्या यंत्रावरून, हव्या त्या प्रोग्रामने तो वाचावा ही तिच्यातली कल्पना. त्याच्या आगेमागे पॉप ही दुसरी पद्धत होती, तिच्यात मेल उतरवून आपल्या संगणकावर आणला जाई. १९८८ मध्ये स्टीव्ह डॉर्नर यांनी युडोरा लिहिला (हे नाव अमेरिकन लेखिका युडोरा वेल्टी यांचे, त्यांच्या टपाल कचेरीवरच्या एका कथेमुळे दिलेले), १९९० मध्ये न्यूझीलंडच्या डेव्हिड हॅरिस यांचा पेगॅसस आला. हे प्रोग्राम तुमच्या यंत्रावर चालत आणि थेट तुमच्या सर्व्हरशी बोलत. मध्ये तिसरा कोणी नाही. पोस्टमन आणि तुम्ही.

फोनवरच्या कित्येक नव्या ॲपांत मात्र मध्ये एक तिसरा असतो. मेल आल्याआल्या घंटी वाजवायची, 'हा मेल उद्या सकाळी दाखव' म्हणायचे, लिहिलेले पत्र रात्री आपोआप पाठवायचे, या साऱ्या सोयींसाठी ॲपवाली कंपनी तुमच्या खात्याची किल्ली स्वतःच्या सर्व्हरवर ठेवून घेते आणि तुमच्या वतीने तुमचे मेल उघडते. तुम्ही 'परवानगी द्या' हे निळे बटण दाबता ते याचसाठी. पाच खाती घातली की पाच किल्ल्यांचा जुडगा एका अनोळखी माणसाच्या कमरेला!

हा माझा संशयी स्वभाव नव्हे. अनरोल-मी नावाची नको असलेली जाहिरात-पत्रे साफ करून देणारी एक फुकट सेवा होती. तिची मालक कंपनी लोकांच्या इनबॉक्समधल्या लिफ्ट टॅक्सीच्या पावत्या शोधून, नावे काढून, ती माहिती उबरला विकत होती हे २०१७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने उघड केले, आणि २०१९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने लोकांची दिशाभूल केल्याबद्दल तिच्यावर कारवाई केली. एडिसन मेल हे तर अनेक खाती एकत्र करणारे, वाखाणले गेलेले ॲप. लोकांच्या मेलमधून खरेदीची माहिती वेचून ती विकली जाते अशी बातमी २०२० च्या फेब्रुवारीत आली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात एका नव्या आवृत्तीतल्या दोषामुळे काही जणांना आपल्या फोनवर चक्क परक्यांचे मेल दिसू लागले. मायक्रोसॉफ्टने अकॉम्प्ली हे ॲप २०१४ च्या डिसेंबरात विकत घेऊन दोन महिन्यांत आउटलुक नावाने बाजारात आणले, तेव्हा पासवर्ड आणि मेल बाहेरच्या सर्व्हरवर जातात म्हणून युरोपीय संसदेच्या संगणक विभागाने ते आपल्याकडे बंद केले होते. पुढे २०२३ मध्ये विंडोजवरच्या 'नव्या आउटलुक'मध्ये दुसऱ्या कंपनीचे आयमॅप खाते घातले तर त्याचा पासवर्डही मायक्रोसॉफ्टकडे जातो, हे जर्मनीच्या हाइझे या नियतकालिकाने दाखवून दिले. जुने 'मेल' ॲप वापरणाऱ्यांना याच नव्या आउटलुककडे वळवले गेले, कारण जुन्याचा आधार ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपला.

बरे, एवढे करून ही ॲपे टिकतात तरी का? स्पॅरो हे सुरेख ॲप होते, २०१२ मध्ये गूगलने विकत घेतले आणि ते तिथेच थिजले. मेलबॉक्स हे २०१३ मध्ये आले तेव्हा त्यासाठी लोक रांगेत नंबर लावून बसले होते. लगेच ड्रॉपबॉक्सने ते घेतले, २०१६ च्या फेब्रुवारीत बंद. गूगलचे स्वतःचे 'इनबॉक्स' ऑक्टोबर २०१४ मध्ये आले, एप्रिल २०१९ मध्ये गेले. जीमेलच्याच पानावर दुसऱ्या खात्यांचे मेल ओढून आणण्याची जी सोय होती, तिच्यावर विसंबून कित्येकांनी आपले याहू आणि रेडिफ तिथे आणून ओतले. तीही २०२६ पासून काढून घेणार असे गूगलने जाहीर केले. दर वेळी बिचाऱ्याने नवे इशारे शिकायचे, नवी लेबले लावायची, आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा श्रीगणेशा. यात वाचलेला वेळ कुणी मोजला आहे का?

मराठीचा प्रश्न तर या उपदेशकांच्या गावीही नसतो. युनिकोडपूर्व काळात आपण शिवाजी, सुरेख अशा फाँटांत पत्रे लिहीत होतो. ती पत्रे आज उघडली की इंग्रजी चिन्हांची खिचडी दिसते. पण फाँट बसवलेल्या संगणकावरच्या प्रोग्रामात ती अजून वाचता येतात, फोनच्या ॲपात नाही. युनिकोड आल्यावरही गंमत संपलेली नाही. 'दुसऱ्या' हा शब्द दोन तऱ्हांनी टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण आत अक्षरांचे संकेत निराळे असतात. एका तऱ्हेने लिहिलेला शब्द दुसऱ्या तऱ्हेने शोधला तर पुष्कळ ठिकाणी सापडतच नाही. अशा वेळी कोणते पत्र कोणत्या खात्यात आहे हे माहीत असणे हाच खरा आधार उरतो. सगळे एकत्र कालवून 'शोधा म्हणजे सापडेल' हे इंग्रजीत लिहिणाऱ्याला परवडेल, आम्हाला नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. आमच्याकडे पेडण्यापासून काणकोणापर्यंत गावोगाव मंडळे आहेत. वाचनालये, नाट्यमंडळे, भजनी मंडळे, व्याख्यानमाला चालवणाऱ्या समित्या. एकेकाळी यांचा पत्रव्यवहार फायलींत असे. वाळवी लागे, पावसात भिजे, पण कपाट संस्थेचे असे. चिटणीस बदलला तरी कपाट जागच्या जागी राही. आज ते कपाट कुठे आहे? चिटणीसाच्या फोनमध्ये, त्याच्या बायकामुलांच्या आणि कचेरीच्या मेलबरोबर एका यादीत.

माझ्या माहितीतल्या एका मंडळाची हकीकत सांगतो, नाव सांगत नाही. चिटणीस मोठा कामसू. त्याने मंडळाचे, घरचे आणि नोकरीचे अशी तिन्ही खाती एका ॲपात घातली. अशा ॲपात आलेल्या पत्राला उत्तर देताना सहसा पत्ता बरोबर घेतला जातो, पण नवे पत्र लिहायला घेतले की ते पहिल्या ठरवलेल्या खात्यावरून जाते. त्याचे पहिले खाते नोकरीचे. व्याख्यानमालेच्या वक्त्यांना पाठवलेली निमंत्रणे, त्यांची उत्तरे, मानधनाचे ठरलेले आकडे, एका लेखकाने आपले नाटक करायला दिलेली परवानगी, सगळे कंपनीच्या पत्त्यावरून चालले होते, खाली कंपनीची सही! त्याला कळले नाही, कारण एकत्रित यादीत सगळे एकसारखेच दिसत होते. पुढे त्याने नोकरी बदलली. कंपनीने त्याच संध्याकाळी खाते बंद केले, त्यात कंपनीची चूक काहीच नाही. मंडळाचा सहा महिन्यांचा पत्रव्यवहार गेला, आणि नाटकाचा प्रयोग जवळ आलेला असताना परवानगीचे पत्र दाखवायला नाही.

इतक्यावर भागले नाही. चिटणीसाचा फोन बिघडला, नवा घेतला, तेव्हा मंडळाच्या मूळ खात्याचा पासवर्ड त्याला आठवेना. सहा वर्षे तो ॲपच लक्षात ठेवत होते. खाते परत मिळवायला जो मोबाइल नंबर दिलेला होता तो आधीच्या खजिनदाराचा, आणि तो गृहस्थ परदेशी, जुने सिम केव्हाच बंद. नवी कार्यकारिणी आली ती नवे जीमेल काढून मोकळी झाली. जुने खाते तसेच बंद पडून आहे. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसण्याचे गूगलचे धोरण २०२३ च्या डिसेंबरपासून अमलात आहे. म्हणजे ते खाते आता असेल की नसेल, तेही देवालाच ठाऊक.

हे एका मंडळाचे नाही. याहू ग्रुप्सचे काय झाले ते आपण पाहिलेच आहे. देशोदेशीच्या मराठी माणसांनी वर्षानुवर्षे ज्या गटांत लिहिले, त्यांचा मजकूर २०१९ च्या डिसेंबरात पुसायला सुरुवात झाली आणि १५ डिसेंबर २०२० रोजी सगळेच बंद झाले. ज्यांनी ती पत्रे संगणकावर उतरवून ठेवली होती त्यांच्याकडे ती आहेत, जे केवळ पानावर वाचत होते त्यांच्याकडे काही नाही. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाची सुरुवात १८३२ सालची. तिथे जुना कागद आजही हाताळायला मिळतो. आमच्या मंडळांचे २०१० सालचे पत्र मात्र मिळत नाही! आणि आम्ही कुठले ॲप जास्त चकचकीत याची चर्चा करतो.

मग करायचे काय? प्रोग्राम जरूर बदला, पण पुढल्या दिशेने नव्हे, थोडे मागल्या दिशेने. मी थंडरबर्डचे नाव घेतो, कारण तो फुकट आहे, त्याचा कोड खुला आहे, तो थेट सर्व्हरशी बोलतो, आणि पत्रांची प्रत तुमच्या संगणकावर ठेवतो. त्याची पहिली आवृत्ती २००४ च्या डिसेंबरातली. २०१२ मध्ये मोझिलाने त्याच्यावरचा हात जवळजवळ काढला होता, तरी तो लोकांच्या देणग्यांवर तगला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तो अँड्रॉइडवरही आला, के-नाइन मेल या जुन्या खुल्या ॲपाच्या पायावर. दिसायला साधा आहे. सुरुवातीला खाती घालताना थोडा त्रास देतो, विशेषतः संगणकाची सवय नसलेल्यांना. दुसरा एखादा थेट बोलणारा प्रोग्राम आवडला तर तो घ्या, माझा काही आग्रह नाही. त्यात एकत्रित यादीची सोय असली तर ती बंद ठेवा. घंट्या बंद करा. कचेरीचे खाते संस्थेच्या खात्याजवळ नकोच, ते कचेरीच्या यंत्रावर राहू दे.

आणि संस्थांनी एवढे तरी करावे. खाते कुणा व्यक्तीच्या नावाचे नको, शक्य तर संस्थेचे स्वतःचे डोमेन घ्यावे, त्याचा वर्षाचा खर्च शाल-श्रीफळाच्या एका कार्यक्रमापेक्षा कमी येतो. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर संस्थेच्या सिमचा असावा आणि ते सिम चालू ठेवावे. पासवर्ड दोघांना माहीत असावा, आणि कागदावर लिहून बंद पाकिटात संस्थेच्या कपाटात ठेवावा. वर्षातून एकदा सगळी पत्रे संगणकावर उतरवून ती हार्ड डिस्क आमसभेत जमाखर्चाच्या वहीबरोबर नव्या कार्यकारिणीच्या हाती द्यावी, आणि तशी नोंद इतिवृत्तात करावी. यंदाच्या आमसभेच्या विषयपत्रिका अजून छापायच्या असतील, त्यात हा एक विषय घालायला जागा आहे.